उघड्या पायांची शाळा

न्यू जर्सीत आयसेलिनला नणंदेकडे गेले की तिथली मंडळी पहिल्यांदा विचारतात, "अलास्कात थंडी किती हो?" दुसरा प्रश्न, "भाजी मिळते का?" तिसऱ्या प्रश्नापर्यंत गाडी सहसा जात नाही, कारण तोवर कोणीतरी वांग्यांच्या भावावर गेलेलं असतं. मी अलास्कात नोकरी काय करते, हे आजवर एकाच काकांनी विचारलं. मी म्हटलं, "जमीन थंड ठेवते." काका मनापासून हसले. मी विनोद केला नव्हता. या अंकाच्या संपादकबाई शेजारीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मग तेच लिहा." म्हणून लिहिते.

मी सिव्हिल इंजिनिअर. नवरा फेअरबँक्सला विद्यापीठात खडकांविषयी शिकवतो. त्याच्यामागून मी या राज्यात आले आणि आल्यावर कळलं की शिकलेलं निम्मं इथे उलटं आहे. बाकी जगात इमारतीला थंडीपासून जपतात. इथे जमिनीला इमारतीपासून जपावं लागतं.

सांगते कसं ते. अलास्काच्या बऱ्याच भागात जमीन खाली कायम गोठलेली असते. उन्हाळ्यात वरचा हातभर थर वितळतो, त्यावर गवत उगवतं, डास होतात. खालचं गोठलेलं ते गोठलेलंच. तुमच्याकडे थंडीत डब्यातलं तूप थिजतं, त्यात चमचा ताठ उभा राहतो. डबा गॅसजवळ ठेवला की चमचा कलंडतो. इथली जमीन म्हणजे ते तूप आणि घर म्हणजे चमचा. फरक इतकाच, की इथे गॅस घराच्या पोटातच असतो. घर तापवलं नाही तर माणूस मरतो, तापवलं तर खालची जमीन वितळून घर बुडतं. उपाय साधा. घर खांबांवर उभं करायचं आणि खालून हिवाळ्याचं वारं मोकळं जाऊ द्यायचं. घराची ऊब वाऱ्याबरोबर जाते, जमीन गोठलेली राहते. या साध्या गोष्टीवर माझं पोट चालतं, कारण ती कोणाला पटत नाही.

माझं पहिलं गिऱ्हाईक होतं ऑटो नावाचे एक आजोबा. वडील सोन्यासाठी आलेले, सोनं हाती लागलं नाही, लाकडी खोपट मागे ठेवून गेले. ऑटो त्यात जन्मले आणि त्यातच म्हातारे झाले. शेजाऱ्यांनी आग्रह केला म्हणून त्यांनी मला बोलावलं. मी गेले तर आजोबा खिडकीतून डोकं बाहेर काढून उभे.

"दार कुठाय?" मी विचारलं.

"आहे की. खाली राहिलं."

घर जवळजवळ खिडकीपर्यंत जमिनीत गेलेलं. मी खिडकीतून आत उतरले, सगळं पाहिलं आणि म्हटलं, एक-दोन हिवाळे शेगडी बंद ठेवा, दुसरीकडे राहा, जमीन परत गोठेल, मग घर उचलून खांबांवर ठेवू.

आजोबा म्हणाले, "बाई, घर आणि मी एकाच वेगानं खाली चाललोय. मध्येच एकाला कशाला थांबवायचं?" मग त्यांनी मला कॉफी दिली. या सल्ल्याचे पैसे मी घेतले नाहीत. तो काही कोणी ऐकला नव्हता.

या राज्याचा इतिहास सांगायला मला फार जागा लागत नाही. रशियानं हा मुलूख अमेरिकेला विकला तेव्हा लोक हसले. मग सोनं निघालं आणि हसणं थांबलं. सोनं संपलं, मासे राहिले. मग उत्तरेला तेल सापडलं आणि सगळं राज्य पाइपलाइनच्या टोकाला येऊन बसलं. राज्याचा इन्कम टॅक्स बंद झाला. वर दरवर्षी प्रत्येक माणसाला, अगदी तान्ह्या बाळालाही, सरकारकडून तेलाच्या पैशावरच्या व्याजाचा चेक येऊ लागला. आमच्या मुलाला आलेला पहिला चेक पाहून माझ्या सासऱ्यांनी पत्रातून विचारलं होतं, "कशाबद्दल?"

तेलाच्या त्या पैशातून एक चांगलं काम झालं. रस्ता नसलेल्या, नदीकाठच्या लहान लहान गावांत दहावी-बारावीपर्यंतच्या शाळा उभ्या राहिल्या. त्याआधी तिथली मुलं मोठी झाली की त्यांना हजारो मैलांवरच्या बोर्डिंगमध्ये पाठवत. आम्ही तिघाचौघांची एक लहानशी कंपनी होतो आणि या शाळा पायापासून तपासून अहवाल देणं हे आमचं काम होतं. शहाऐंशी साली तेलाचे भाव कोसळले. अँकरेज या मोठ्या शहरात लोक कर्ज फेडता येईना म्हणून घराच्या किल्ल्या बँकेच्या टपालपेटीत टाकून टेक्ससला परत जात होते. जिल्ह्याच्या शाळामंडळाकडे डागडुजीलाही पैसे उरले नाहीत. नेमक्या त्या वसंतात पश्चिमेकडच्या एका गावातून फोन आला, की शाळेची दारं लागत नाहीत आणि व्यायामशाळेच्या भिंतीला तडा गेलाय.

आमचा मालक रॉस स्वभावानं वाईट नव्हता, नुसता कंटाळलेला होता. तो म्हणाला, "सुमन, जाऊन बघ. धोका आहे असं लिहिलंस तर मंडळ जूनमध्ये शाळा बंद करेल. मोठी मुलं बोर्डिंगला, लहानांसाठी एखादं खोपटं. खरं सांगू का, मंडळ त्याचीच वाट पाहतंय. स्वस्त पडेल."

"आणि धोका नसेल तर?"

"तर तुझी सही. पडली तर तुझ्या नावानं पडेल."

गावाचं नाव देत नाही, गावकऱ्यांना ते आवडणार नाही. लोक युपिक. बाहेरचे त्यांना एस्किमो म्हणतात आणि बर्फाच्या घरात राहतात असं समजतात. ते आपल्यासारखेच पत्र्याच्या नि लाकडाच्या घरात राहतात. मासे धरतात, मूस नावाचं मोठं हरीण मारतात आणि टीव्हीवर बास्केटबॉल बघतात. मी चार आसनी विमानातून उतरले तेव्हा मला घ्यायला अ‍ॅग्नेस आली होती. शाळेच्या स्वयंपाकघरात ती पोरांचं जेवण करायची आणि गावाच्या शाळा समितीची अध्यक्षही तीच. रुंद चेहरा, बोलणं कमी. बर्फावर पळणाऱ्या स्नो-मशीनच्या मागे जोडलेल्या घसरगाडीवर तिनं मला पिशवीसारखं बसवलं आणि शाळेत नेलं.

मी माझ्या सवयीनं एकामागून एक प्रश्न सुरू केले. तडा कधी गेला? स्वयंपाकघराची बाजू खचली का? आणखी खचतेय का? प्रत्येक प्रश्नाला तिनं नुसत्या भुवया उंचावल्या. मला वाटलं, हिला सगळ्याचंच आश्चर्य वाटतंय. तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारल्यावर मुख्याध्यापक हार्लन हसू दाबत म्हणाले, "ती हो म्हणतेय. भुवया वर म्हणजे हो. नाक आक्रसलं तर नाही."

"मघापासून सांगतेय," अ‍ॅग्नेस म्हणाली.

इमारत ठीक बांधलेली होती. कागदावर खांबांखाली माणूस वाकून जाईल इतकी मोकळी जागा होती. पण प्रत्यक्षात ती दिसेना. चारी बाजूंनी प्लायवूडच्या फळ्या नीट ठोकलेल्या आणि फळ्यांना टेकून बर्फाचा जाड बांध. इतकं नेटकं काम मी कंत्राटदारांकडूनही क्वचित पाहिलंय. एक फळी काढून मी आत सरपटत गेले. आत ऊब होती. बॅटरीच्या उजेडात पाणी चमकलं आणि ओल्या मातीचा वास आला. गोठलेल्या जमिनीला वास नसतो.

बाहेर येऊन हार्लनना विचारलं, "हे कोणी केलं?"

हार्लन ओक्लाहोमाचे. ते अभिमानानं म्हणाले, "सगळ्या गावानं. लहान पोरं जमिनीवर बसतात ना, गारठायची. दोन हिवाळ्यांपूर्वी सगळे आईबाप आले, होतं नव्हतं ते लाकूड आणलं आणि सगळं बंद करून टाकलं. आता वर्गातली जमीन कशी छान उबदार असते. तुम्ही बूट काढून बघा."

मी बूट काढले नाहीत. बर्फ म्हणजे गोधडी. वरून बर्फाची गोधडी, आत शाळेची ऊब आणि वाऱ्याला वाट नाही. गावानं मायेनं पोरांचे पाय गरम केले होते आणि त्याच मायेनं शाळा खचत होती. संध्याकाळी व्यायामशाळेत सभा होती. तिथे मला हे सांगायचं होतं.

सभेआधी अ‍ॅग्नेसनं विचारलं, "स्टीम घेणार?" गावात घरोघरी नळ नाहीत. प्रत्येक दोन-चार घरांमागे एक बुटकं लाकडी खोपट, आत तापलेले दगड. आधी पुरुष, मग बायका. दिवाळीच्या पहाटे आई पाटावर बसवून कढत पाणी ओतायची, ते मी सोसलेलं आहे, म्हणून हो म्हटलं. ते पाणी यापुढे कोमटच म्हणायचं. मी दाराशी डोकं टेकून बसले, तर कोपऱ्यातल्या एका म्हातारीनं काहीतरी म्हटलं आणि सगळ्या बायका हसल्या.

"ती म्हणतेय, इंजिनिअर शिजली का बघा," अ‍ॅग्नेसनं सांगितलं.

"तिला सांग, एक वाफ अजून हवी."

हसणं ओसरल्यावर मी अ‍ॅग्नेसला फळ्यांचं सांगितलं. तिनं तोंडावरचा घाम पुसला. मग म्हणाली, "माझ्या नवऱ्यानंच पहिली फळी ठोकली."

"सभेत मी ते विचारणार नाही."

"कोणी केलं ते मुळीच विचारू नकोस. विचारलंस तर लोक उठून जातील. काय करायचं ते सांग, बसतील." मग आवाजात काही फरक न करता ती म्हणाली, "मी तेरा वर्षांची होते तेव्हा विमान आलं. बोर्डिंगला न्यायला. कोणत्या दिवशी येणार ते कळवलं नव्हतं. आई नदीवर मासे वाळवायला गेली होती. मी तिला न सांगताच गेले. परत आले तेव्हा ती नव्हती." तिनं दगडांवर पळीभर पाणी टाकलं. "लेना आता पंधरा वर्षांची आहे."

लेना तिची मुलगी.

सभेला सगळं गाव आलं. मी अ‍ॅग्नेसकडून वनस्पती तुपासारख्या चरबीचा एक डबा मागून घेतला होता. ही चरबी फेटून त्यात साखर आणि रानातल्या बेरी घालून तिथे एक गोड पदार्थ करतात. डबा बाहेर बर्फात ठेवून कडक केला. त्यात पेन्सिल उभी केली, तिच्यावर खडूचा डबा ठेवला आणि सगळं शेगडीच्या कडेला ठेवून मी मुकाट बसले. मुकाट बसणं मला जमत नाही, पण तिथे सगळेच बसले होते. हळूहळू पेन्सिल कलली आणि खडूचा डबा धाडकन पडला. मग मी एवढंच म्हटलं, की शाळेखाली वारा खेळू द्यायचा आहे. फळ्या काढायच्या. हिवाळाभर तिथे बर्फ साचू द्यायचा नाही. उन्हाच्या बाजूला सावली करायची. वर्गात थंडी वाजेल.

मागच्या बाकावरून एक आजोबा त्यांच्या भाषेत बोलले आणि छप्पर उडेल असं हसू झालं. अ‍ॅग्नेसचा नवरा सगळ्यात मोठ्यानं हसत होता.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, मग काय, शाळेचे पाय उघडे ठेवायचे आणि पोरांचे झाकायचे."

आजवर मी लिहिलेल्या कोणत्याही अहवालात हे इतकं थोडक्यात बसलेलं नाही.

निघताना धावपट्टीवर मी अ‍ॅग्नेसला म्हटलं, "मला शब्द हवा. हिवाळाभर, दर वादळानंतर बर्फ काढणार. त्याच्यावर मी सही करणार आहे."

ती म्हणाली, "हिवाळ्याचं आत्ता कोण बोलणार?"

"म्हणजे हो की नाही?"

भुवया हलल्या नाहीत, नाकही हललं नाही. ते लोक पुढचं असं ठामपणे बोलत नाहीत. पुढचा ऋतू आपल्या खिशात असल्यासारखं बोलणं त्यांना उद्धटपणाचं वाटतं. हे मला ठाऊक होतं, तरी संताप आला. आपल्याकडे निदान तोंडदेखलं हो तरी म्हणतात.

फेअरबँक्सला परतल्यावर रॉसनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "थोडक्यात, ही शाळा फावड्यावर उभी राहणार?"

"यंदा खचलेल्या कोपऱ्याखाली लाकडी ओंडक्यांची चौकट रचायची. स्वयंपाकघर तात्पुरतं दुसरीकडे. हिवाळ्यात जमीन गोठली की पुढच्या वर्षी जॅक लावून सरळ करायची. मधल्या काळात, हो, फावड्यावर."

"सुमन, लाकडावर सही कर, लोखंडावर कर. माणसांवर सही करू नये."

घरी अरुण, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, "अगं, लायसन्स जाईल. कोणी शब्दही दिलेला नाही." त्याचं चूक नव्हतं. मी दोन दिवस आकडेमोड केली. कोपरा एक उन्हाळा तग धरेल एवढं नक्की होतं. त्यापुढे बर्फ काढला तर शाळा वाचणार होती, नाही काढला तर पुढच्या वसंतात मला स्वतःच ती बंद करावी लागणार होती. दया म्हणून मी सही केली नाही. फळ्यांचं ते काम मी पाहिलं होतं. इतक्या नेटानं चुकीचं काम करणारी माणसं बरोबर कामही त्याच नेटानं करतील, हा माझा हिशेब. मी लिहिलं, "अटींसह चालू ठेवावी."

नदी मोकळी झाल्यावर मालवाहू बार्जवरून ओंडके गेले. ज्यांनी फळ्या ठोकल्या होत्या त्यांनीच काढल्या आणि त्यांतून मासे धुरवायची एक झकास खोली बांधली. सप्टेंबरात अ‍ॅग्नेसनं मला त्या खोलीतल्या सॅमन माशाच्या पट्ट्या पाठवल्या. मी वेंगुर्ल्याची. सुक्या मासळीच्या वासानं मला घर आठवतं आणि अरुणला घर सोडावंसं वाटतं. पट्ट्या गॅरेजमध्ये ठेवाव्या लागल्या. बर्फाविषयी अ‍ॅग्नेसनं अक्षरही कळवलं नव्हतं.

जानेवारीत तपासणीला निघाले. वादळानं विमान वाटेतल्या बेथेल गावच्या धावपट्टीवर अडकून पडलं. जितका बर्फ पडत होता तितकी माझी सही मला आठवत होती. शेवटी एका सकाळी आभाळ उघडलं. वरून गाव दिसेना, सगळं पांढरं. घरांच्या छपरांपर्यंत बर्फ चढलेला. पायलटनं एक वळसा घातला आणि मला एक काळी रेघ दिसली. ती शाळेखालची मोकळी जागा होती. शाळेखालून पलीकडची नदी दिसत होती.



उतरल्यावर हार्लनना विचारलं, "बर्फ कोण काढतं?" तर त्यांनी व्यायामशाळेच्या दारावरची पाटी दाखवली. अ‍ॅग्नेसच्या अक्षरात लिहिलं होतं: फावडं नाही, तर बास्केटबॉल नाही. बास्केटबॉल म्हणजे तिथलं क्रिकेट. वादळ थांबलं की सगळी टीम आधी शाळेखाली, मग मैदानात. वर्गात लहान पोरं आयांनी शिवलेले फरचे बूट घालून बसली होती. मी खांबाजवळ जमिनीत पुरलेल्या नळीत थर्मामीटर सोडला. जमीन गोठलेली होती. त्या वर्षी जॅक लावले, कोपरा उचलला आणि दारं लागली.

सगळंच असं झालं असं समजू नका. त्याच काळात दुसऱ्या दोन शाळांना मी धोका आहे असं लिहिलं आणि त्या बंद झाल्या. तिथली मुलं वसतिगृहात गेली. ते अहवालही बरोबर होते. त्या गावांना मी परत गेलेले नाही. पुढे आमची कंपनीच आटली. रॉस ओरेगनला गेला, मी आता दुसरीकडे तेच काम करते.

जाण्यापूर्वी रॉसनं चिडवलं होतं. लेना बारावी झाली आणि नर्सिंग शिकायला अँकरेजला निघाली हे त्याला मीच सांगितलं होतं. तो म्हणाला, "बघ. एवढं लायसन्स टांगणीला लावलंस, पोरगी तर गेलीच!"

लेना निघाली त्या दिवशी योगायोगानं मी त्या गावात होते, ती आणि मी एकाच विमानानं येणार होतो. विमान येऊन उभं होतं, आणि या वेळी त्याचा दिवस सगळ्यांना आधीपासून ठाऊक होता. सगळं गाव धावपट्टीवर जमलं होतं, बास्केटबॉलची टीम रांगेत होती. लेनाला टोपी घालायची नव्हती.

"घाल."

"मॉम, अँकरेजला कोणी असली टोपी घालत नाही."

"तू घाल. तूच पहिली."

"केस बिघडतात!"

"बिघडू देत. कान तर राहतील."

पायलटनं घड्याळ दाखवलं. मी त्याला म्हटलं, जरा थांब. अ‍ॅग्नेसनं टोपी लेकीच्या डोक्यावर ओढली, लेनानं ती काढली, अ‍ॅग्नेसनं परत ओढली आणि फीत हनुवटीखाली आवळून बांधू लागली. हळूहळू, गाठ पुन्हा सोडून, पुन्हा बांधून. पायलट पंखाखाली पाय आपटत उभा होता. तिला कोणीही घाई केली नाही.